आयरिश हॉलमधली बाजाराची घंटा

तो सोमवार मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी अमेरिकेत श्रूजबरीजवळच्या एका लहान गावात डिटेक्टिव्ह होतो. माझा जोडीदार सार्जंट या वसंतात गेला. त्याच्यामागे आता हे सांगणारा मीच उरलो, म्हणून लिहितो.

आमच्या गावात आयरिश लोकांचा एक हॉल आहे. आयर्लंडमधल्या एका बाजारगावातून तिथे प्रदर्शनासाठी वस्तू आल्या होत्या: लोण्याचे लाकडी साचे, दुकानांच्या जुन्या पाट्या, आणि गुरांचा बाजार उघडताना वाजवायची, कळशीएवढी पितळी घंटा. मंगळवारी सगळं विमानानं परत जायचं होतं. सोमवारी सकाळी घंटा जागेवर नव्हती.

तासाभरात निनावी फोन आला. "काल दुपारी एक भारतीय बाई कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन बाहेर पडली."

रविवारी त्या हॉलमध्ये मराठी शाळा भरते. किल्ली असायची शाळा चालवणाऱ्या काकूंकडे. मी त्यांना ओळखत होतो. तसं मी चीफना सांगितलं, म्हणून जबाब सार्जंटसमोर घ्यायचं ठरलं. मी हक्क वाचून दाखवले.

"पोलीस झालास म्हणून मला चोर ठरवतोस?" काकू म्हणाल्या. "पातेलं होतं ते. मसालेभाताचं. पोटलक होतं ना, प्रत्येकानं घरून काहीतरी करून आणायचं!"

"पातेलं कुठाय?"

"घासून ठेवलंय. घासायचं नव्हतं का?"

सार्जंटला मी प्रत्येक वाक्य इंग्रजीत सांगत होतो. पातेल्यापाशी त्याला हसू आवरेना. काकूंना मात्र रडू फुटलं. "पुढच्या आठवड्यात माझा ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू आहे रे. केस झाली तर सगळं संपलं."

दोन तास मी त्या गाठोड्याबद्दलच विचारत राहिलो. संध्याकाळपर्यंत चार्ज लावायचा की नाही ते ठरणार होतं.

दुपारी, तक्रार देणाऱ्या हॉलच्या सेक्रेटरीला पुन्हा गाठलं. तिशीतला, इथेच जन्मलेला मुलगा. घंटेत कुणी विशेष रस दाखवला होता का, असं विचारलं.

"काल दुपारी एक आजोबा विकत मागत होते," तो हसत म्हणाला. "मी पण गंमत केली. त्यांनी तळहातावर थुंकून माझ्या हातावर टाळी दिली. मग घंटेजवळच्या माहितीच्या पाटीवर लिहिलंय तसं, सौदा पक्का झाला की विकणारा घेणाऱ्याला देतो ते शकुनाचं नाणं मी त्यांना दिलं. खूश झाले. मी निघालो तेव्हा देणगीच्या पेटीत नोटांची जाडजूड घडी टाकत होते."

मी खुर्चीतून उठलोच. लहानपणी आजोबांबरोबर मी बैलबाजारात जात असे. तिथे उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरायचा. एकदा हात दिला की बैल गेला. मागून दुप्पट भाव आला तरी आजोबा मान हलवायचे नाहीत.

"त्यानं चोरली नाही, विकत घेतलीय!" मी गाडीत सार्जंटला म्हणालो.

"घंटेचं ते आयरिश गाव माझ्या आजोबांचं, आणि तिथली रीत मला समजावतोयस तू?" तो म्हणाला. "आणि जरा हळू चालव, यार!" 'यार' हा शब्द त्यानं माझ्याकडूनच उचलला होता.

प्रदर्शनाच्या वहीत लिहिलेल्या पत्त्यावर त्या म्हाताऱ्यानंच दार उघडलं. घंटा स्वयंपाकघरातल्या टेबलावर लखलखत होती.

"बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानाच्या काचेला गोऱ्ह्यांची नाकं लागायची," तो म्हणाला. "ही घंटा माझे वडील वाजवायचे. टाळी झाली, नाणं मिळालं. आता माझी आहे."

कायद्याचं कलम तिथे कामाचं नव्हतं. मी म्हणालो, "बाबा, ती त्या मुलाची नव्हतीच. गावाची आहे."

त्याचा चेहरा उतरला. "दुसऱ्याचं जनावर विकलं होय त्यानं?" त्यानं घंटेवरून एकदा हात फिरवला. मग त्यानं ती स्वतःच आमच्या गाडीत आणून ठेवली. हॉलनं तक्रार मागे घेतली.

मी धावतच काकूंकडे गेलो. घंटा मिळाल्याचं सांगितलं, म्हाताऱ्याचं वर्णन केलं.

"ते होय?" काकू म्हणाल्या. "जड पिशवी होती हातात, वयस्कर माणूस. मीच तर दार धरलं त्यांना."

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? माझं पातेलं सोडून दुसरं काही विचारलंस का?"

त्या माझ्यासमोर दोन तास बसल्या होत्या. संशयित म्हणून मी त्यांना शंभर प्रश्न विचारले. साक्षीदार म्हणून एकही नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत मी एकही जबाब "आणखी कोण दिसलं?" हे विचारल्याशिवाय बंद केला नाही.