रामटेके पोकर शिकवायचे

भामरागडच्या पुढे आमच्या निमलष्करी दलाचा कॅम्प होता. त्या पावसाळ्यात पुलावर पाणी चढलं आणि एकोणीस दिवस रस्ता बंद राहिला. सकाळी पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारांसह मोर्च्यावर सज्ज, सातला नाश्ता, मग पेट्रोलिंग किंवा सेंट्रीचा पहारा. दुपारी दोन ते चार मोकळे. त्या दोन तासांत हवालदार रामटेके आम्हाला पोकर शिकवायचे.

रामटेके ब्रह्मपुरीकडचे. मीही तिकडचाच, म्हणून माझ्याशी गावच्या बोलीत बोलायचे. परदेशातल्या ड्युटीवर ते हा खेळ शिकून आले होते. पैसे लावायला त्यांची सक्त मनाई, आम्ही चिंचोके लावायचो. पण टेबलावरची शिस्त परेडइतकी कडक. मोबाइल बराकीत. हात टेबलाच्या वर. पाळी आल्याशिवाय बोलायचं नाही, आणि पत्ते टाकून दिले की चालू डावाबद्दल एक शब्द काढायचा नाही.

पहिल्याच दिवशी मी माझे दोन पत्ते तीनदा उचलून पाहिले.

"काऊन पाहून राह्यला बे? बदलणार हायेत का ते?" रामटेके म्हणाले. "एकदा पाह्य, ध्यानात ठेव, पालथे ठेव. मंग समोरच्यायचे चेहरे पाह्य."

सगळ्यात अवघड सवय उठण्याची. "डोस्कं तापलं, झोप आली, का गेलेलं परत आनाची घाई झाली, त उठाचं," ते सांगत. आणि स्वतः उठत. जिंकत असले तरी.

कंपनी कमांडर साहेबही कधीकधी येऊन बसत. वय अठ्ठावीस, हुशार. पण हरणं सोसत नसे. हरले की पुढच्या डावाला दुप्पट लावत. एकदा रामटेके म्हणाले, "सर, आज बस करो." साहेब हसले आणि उरलेले सगळे चिंचोके पुढे ढकलले. तेही गेले.

विसाव्या दिवशी पाणी उतरलं. पहाटे पाचला आम्ही बावीस जण सडकेने निघालो. एका गावात नक्षली आल्याची खबर पक्की होती म्हणे. गावाजवळ कोणीच सापडलं नाही. साडेदहाला परतीचा हुकूम आला. गेलेल्या वाटेने परतायचं नाही, मागे सुरुंग पेरलेला असू शकतो, हा नियम रिक्रूटलाही माहीत असतो. जंगलातून तीन तास लागले असते, सडकेने दीड. दुपारी साहेबांना वरिष्ठांपुढे रिपोर्ट द्यायचा होता.

"सडक से चलेंगे," साहेब म्हणाले.

"सर, सुबह उसी सडक से आये हैं," रामटेके म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरा सेक्शन, म्हणजे दुसरी तुकडी, माझ्या हाताखाली होती. "तुम क्या कहते हो?"

मी म्हणालो, "यस सर. सडक."

अकरा चाळीसला एका मोरीजवळ स्फोट झाला. रामटेके सगळ्यात पुढे होते. मी वायरलेस सेटवर बोललो, "अल्फा टू बेस. वन कॅज्युअल्टी, सीरियस. चॉपर भेजो. ओव्हर."

"बेस टू अल्फा. बादल है. चॉपर नहीं उडेगा. होल्ड करो. आउट."

रामटेके शुद्धीवर होते. पाणी मागत होते. पोटात जखम, म्हणून मेडिकने द्यायला मनाई केली. मी रुमाल भिजवून ओठांवर धरला. बारा पंचवीसला ते गेले.

चौकशीच्या कागदात लिहिलं गेलं की पावसामुळे जंगलातली वाट बंद होती. ती बंद नव्हती. माझी सही त्या कागदावर आहे. साहेबांची बदली शहरात झाली, पुढे बढतीही. मी आणखी सहा वर्षं नोकरी केली आणि पेन्शनवर आलो.

त्यांच्या घरी मी दरवर्षी जातो. त्यांच्या पत्नी तलावातले मासे रांधतात. मी जेवायला बसलो की विचारतात.

"भाऊ, खरं सांगा. त्याईले लय तरास झाला काय?"

"नाई बाई. लगेच गेले."

हवालदार विलास रामटेके, वय बेचाळीस. ते पंचेचाळीस मिनिटं जिवंत होते.