एकोणीस एक

फळ्यावरची कुठलीही संख्या भागायच्या आधी जनाब तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे. "आत कोन हाय?" मग कान लावून थांबायचे. औरंगाबादच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवत. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता.

"एकवीसला वाजवा, तीन दार उघडतो, मागून सात डोकावतो. पन मूळ संख्येच्या घरात दोघंच ऱ्हातात, मियाँ. एक, आन् ती खुद्द. तिसऱ्याला दार नाय."

शाळेमागं जुन्या तटाची भिंत होती, पलीकडं खाम नदीचं मोकळं पात्र. अठ्ठेचाळीस साली निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत घर सोडताना जनाबांच्या धाकट्या भावानं त्या भिंतीवर खिळ्यानं एक लांबलचक, एकोणीस आकडी संख्या कोरली होती. तोही आकडेवेडाच. "भाई, ही तोडून दाखव. तुटली की परत येतो." सगळे नऊ पाहून जनाबांनी ती उभ्या उभ्या नऊनं तोडली. "आता येईल," ते सगळ्यांना सांगत. भाऊ काही आला नाही.

पुढं शाळेत मराठी आली. उर्दूत शिकलेल्या मास्तरांना मराठी अंक शिकवायचं काम माझ्याकडं आलं. मी नुकताच गंगापूरहून येऊन मास्तर म्हणून लागलेलो. पहिल्या दिवशी फळ्यावर १ काढला.

"हा नऊ," जनाब म्हणाले.

"नाय जनाब. तुमच्या उर्दूत नऊ. आमच्यात हा एक."

ते तसेच उठून मागच्या भिंतीकडं गेले. धाकटा वैजापूरला मराठी आडत्याकडं कामाला होता, आकडे मराठीतच काढायचा. भिंतीवर एकोणीस नऊ नव्हतेच. एकोणीस एक होते.

त्या दिवसापासून जनाब रोज सकाळी भिंतीशी. सातानं वाजवलं, अकरानं, तेरानं, पुढं वर्षानुवर्षं वाजवत गेले. भाग जाईना. मी थट्टेनं विचारायचो, "उघडलं का?"

एकदा म्हणाले, "आत कोनतरी चालतंय, मियाँ. पन कडी नाय काढत."

त्यानंतर मी थट्टा सोडली. मला त्यांची भीती वाटायची, आणि मायाही.

एका सकाळी ते वर्गावर आले नाहीत. भिंतीपाशी त्यांच्या चपला तेवढ्या होत्या. आम्ही नदीचं पात्रसुद्धा पालथं घातलं.

परवा नातीनं ती संख्या संगणकाला विचारली. म्हणाली, "आजोबा, ही मूळ संख्या आहे. कशानंच तुटत नाही."

जनाबांना हे सांगावंसं फार वाटलं. भर दुपारी भिंतीशी गेलो. सवय त्यांची, पण हात माझा उठला. टकटक केली. "आत कोण आहे?"

आतून दोन टकटकी आल्या. एक बोटाच्या पेराची, ओळखीची. दुसरी हलकी, तरण्या हाताची.

मी तिसरा होतो. पायात चपला आहेत ना, एवढं पाहिलं आणि घरी आलो.