मेंटनची हवा

हवापालटानं कुणी बरं होत नाही, असं डॉ. शशिधर म्हैसकर चाळीस वर्षं सांगत आले, आणि त्यांना ते सांगायचा अधिकार होता. मिरजेला शिकत असताना त्यांनी सॅनेटोरियमच्या व्हरांड्यात खाटेवर पडून मोकळी हवा खाणारे रोगी पाहिले होते. एक्याऐंशी साली ते एडिनबराला आले तेव्हा हृदय, मेंदू वगैरे प्रतिष्ठित अवयव स्थानिक मंडळींनी आधीच वाटून घेतले होते. फुफ्फुसं उरली होती. म्हैसकरांनी ती घेतली आणि निवृत्त होईपर्यंत सोडली नाहीत.

हॉस्पिटलच्या लायब्ररीत त्यांना एक शोध लागला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी एडिनबऱ्याचे डॉक्टर क्षयाच्या रोग्याला चक्क दक्षिण फ्रान्सला पाठवत. अर्थात परवडणाऱ्याला. बाकीचे इथेच मरत, कमी खर्चात. तेव्हापासून म्हैसकरांची सुट्टी ठरून गेली. लोक त्या किनाऱ्यावर समुद्र बघायला जातात, हे कबरी बघायला जात. दगडावरची सालं वाचून मनातल्या मनात वजाबाकी करत आणि पत्नी सुप्रभाताईंना म्हणत, "तेवीस. दोन्ही फुफ्फुसं गेलेली असणार." सुप्रभाताई म्हणत, "बरं."

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती आणि जेवण यांच्यामध्ये वीस मिनिटं मोकळी सापडली की म्हैसकर उभे राहत. आमटीच्या वासात त्यांचं व्याख्यान निम्म्या एडिनबऱ्यानं ऐकलेलं आहे. एडिनबऱ्यात जन्मलेले एक लॉर्डसाहेब १८३४ साली आजारी मुलीला घेऊन इटलीला निघाले. कॉलऱ्यामुळे सरहद्द बंद होती. मागे फिरले, कान नावाच्या कोळ्यांच्या गावात मुक्काम केला, माशाचा रस्सा आवडला म्हणून तिथेच जमीन घेतली. बंगल्याला मुलीचं नाव दिलं. मुलगी पाच वर्षांत गेली. गाव मात्र असं वाढलं की विचारू नका. नीसला इंग्रज हिवाळा काढायला येत, त्यांना वाटेत भिकारी दिसू लागले, म्हणून त्यांनी भिकाऱ्यांना कामाला लावून समुद्राकाठी फिरायला रस्ता करून घेतला. तो रस्ता अजून इंग्रजांच्या नावानं आहे, आणि नीस आज आपल्या एडिनबऱ्याचं जुळं शहर आहे. आणि मेंटन! बेनेट नावाचा इंग्रज डॉक्टर १८५९ साली तिथे शांतपणे मरायला गेला आणि बरा झाला. त्यानं तसं लिहिलं. ते वाचून हजारो लोक गेले आणि टेकडीवरचं कब्रस्तान भरलं.

"एक माणूस बरा झाला," म्हैसकर बोट वर करून म्हणत, "आणि त्याला वाटलं, हवेनं झालो. डॉक्टर होता, तरी!"

इथे हशा होई आणि पानं मांडायला सुरुवात होई.

गेल्या सप्टेंबरात म्हैसकरांना खोकला सुरू झाला. कोरडा, बारीक, बोलता बोलता मध्येच येणारा. तीन आठवड्यांवर खोकला टिकला तर एक्स-रे काढा, हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती रोग्यांना सांगितलं असेल याची गणती नाही. त्यांचा सातवा आठवडा चालू होता. सुप्रभाताईंनी विचारलं की ते म्हणत, "घसा आहे." तिकडेच वाढलेली मुलगी ईरा इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलहून फोनवर आपल्या मराठीत म्हणाली, "बाबा, तुझी खोकला मला इथे पण ऐकू येते. जीपी डॉक्टरला सांगितलं का?"

"सांगतो."

"कधी?"

"अगं, हीटिंग चालू केलं ना, त्याची धूळ असते."

खरी गोष्ट अशी की मिरजेच्या होस्टेलवर आणि नंतरही म्हैसकरांनी अकरा वर्षं सिगारेट ओढली होती. एक्स-रेमध्ये काय दिसेल हे त्यांनी मनात काढून, वाचून, त्यावर रिपोर्टही लिहून ठेवला होता. मग एका सकाळी त्यांनी जाहीर केलं की नोव्हेंबरात तीन आठवडे मेंटनला जायचं.

"तीन आठवडे?" सुप्रभाताई म्हणाल्या. "तिथल्या कबरी तर तुमच्या दोनदा वाचून झाल्यात."

"जरा ऊन मिळेल. इथे काय आहे?"

बाहेर एडिनबरा होतं, पावसासकट. सुप्रभाताई बॅगा काढायला उठल्या.

मेंटनला ऊन होतं, लिंबं लगडली होती, आणि दहाव्या दिवसापासून खोकला कमी होऊ लागला. बाराव्या दिवशी म्हैसकरांनी सबंध जेवण न खोकता केलं. तेराव्या दिवशी त्यांनी मागे डोंगर कसा आहे, उत्तरेचा वारा कसा अडतो, हे खिडकीतून हात करून समजावून सांगितलं. बेनेटचं निरीक्षण अगदीच टाकाऊ नव्हतं, असंही म्हणाले. चौदाव्या दिवशी ते भाड्याच्या फ्लॅटच्या पाट्या वाचताना सापडले. "ब्रेक्झिटनंतर सलग नव्वदच दिवस राहता येतं," ते खंतावून म्हणाले. "जुने लोक सहा-सहा महिने राहायचे."

"आणि मग?" सुप्रभाताईंनी विचारलं.

म्हैसकर पुढच्या पाटीकडे वळले होते.

दुसऱ्या दिवशी दोघं टेकडीवरच्या कब्रस्तानात गेली. चढ दमवणारा होता, पण म्हैसकर न थांबता वर गेले आणि तसं दोनदा बोलूनही दाखवलं. वर रग्बीच्या जनकाची म्हणून दाखवतात ती कबर आहे. शाळेत असताना यानं फुटबॉल हातात घेऊन धूम ठोकली आणि रग्बी जन्मली, अशी कथा. तिथे वेल्सहून आलेले तीन धिप्पाड गृहस्थ चेंडू ठेवत होते. म्हैसकरांनी त्यांचा फोटो काढून दिला आणि वर सांगितलं की ती कथा बहुधा खोटी आहे.

"असेल," त्यातला एक म्हणाला. "पण आम्ही लांबून आलोय ना."

ते गेल्यावर सुप्रभाताई बाकावर टेकल्या. खाली समुद्र चकाकत होता. समोर एकोणीस, सव्वीस, एकतीस वर्षांची माणसं ओळीनं पडली होती.

"अहो, यातले किती बरे झाले?"

"बरे झालेले इथे कसे असतील, सुप्रभा? ते घरी गेले."

"मग आपणही जाऊ या ना."

"अजून सहा दिवस आहेत."

"एक्स-रेला जाऊ म्हणतेय मी."

म्हैसकरांनी चष्मा पुसला. "आता कशाला? खोकला जवळजवळ गेलाय."

"गेलाय म्हणूनच. असता तर तुम्ही एक्स-रेला आलाच नसतात."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "अकरा वर्षं ओढल्यात मी. काय असेल ते मला न बघता दिसतंय."

"मला नाही दिसत," सुप्रभाताई म्हणाल्या. "मला बघायचंय. देवयानीला मेसेज केलाय. मंगळवारी सकाळी साडेनऊ. तिकिटं बदललीत."

डॉ. देवयानी म्हैसकरांच्या हाताखाली चार वर्षं काम करून आता त्यांच्याच खुर्चीत बसते. मंगळवारी तिनं एक्स-रे स्क्रीनवर घेतला आणि म्हणाली, "सर, या, बघा ना."

म्हैसकर खिडकीतून कार पार्क बघत होते. "तूच सांग."

"क्लीन आहे, सर."

"उजवीकडे वर?"

"क्लीन. तुम्ही स्वतः बघा."

ते वळले. आधी उजवीकडे वर पाहिलं, मग सगळीकडे, मग पुन्हा उजवीकडे वर. सुप्रभाताईंनी पर्समधून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं, जरा मोठ्यानंच.

"नवीन काही गोळी वगैरे, सर?" देवयानीनं टाइप करता करता विचारलं.

"छे. जीपीनं ऑगस्टमध्ये बीपीची दिली तेवढीच."

देवयानीची बोटं थांबली. "कुठली?"

म्हैसकर पुन्हा खिडकीकडे वळले. "रामिप्रिल," ते म्हणाले.

रामिप्रिलनं काही लोकांना कोरडा खोकला येतो, हे छातीच्या डॉक्टरलाच नव्हे, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असतं.

"आणि मेंटनला घेत होतात?"

"डबी इथेच राहिली होती," सुप्रभाताई म्हणाल्या. "मी म्हटलं, तिथल्या फार्मसीत मिळेल. तर म्हणाले, बीपी तिथल्या हवेत आपोआप उतरतं."

देवयानी स्क्रीनकडे बघत राहिली. हसू नये म्हणून तिला काहीतरी बघणं भाग होतं. "गोळी बदलून देऊ," ती शेवटी म्हणाली. "जीपीला पत्र जाईल, सर. काय लिहू?"

"तिथली हवा कोरडी आहे हेही खरंच आहे," म्हैसकर म्हणाले. "म्हणजे थोडाफार…"

"अहो."

"बरं, लिही." ते खुर्चीत नीट बसले आणि राउंडवर सांगायचे त्या आवाजात सांगू लागले. "खोकला, औषधामुळे. औषध चुकून बंद झाल्यावर थांबला. रुग्ण स्वतः छातीचा डॉक्टर असल्यामुळे निदानाला अडीच महिने उशीर झाला."

"असंच लिहू, सर?"

"असंच लिही."

देवयानीनं टाइप केलं. सुप्रभाताईंनी स्क्रीनकडे वाकून ते एकदा वाचून घेतलं.