पिंपळाला पाजलेलं लोखंड

दोन हजार साली बाबासो कांबळे रिटायर झाला आणि मीनाबाईच्या डोक्याला ताप झाला. शिरोलीकडच्या एका फौंड्रीत तो सुपरवायझर होता. स्टोअरची किल्ली त्याच्या कमरेला असायची. साधा हातमोजा पायजे असला तरी कामगारानं आधी त्याच्या तोंडाकडं बघत उभं राहायचं. नोकरी सुटली, कंबर रिकामी झाली. मग त्यानं कळंब्याच्या घरातल्या कपाटाची किल्ली कमरेला बांधली. साबण, खोबरेल, डोकेदुखीची गोळी, सगळं त्या कपाटात. बायकोनं मागायचं आणि यानं 'इश्यू' करायचं!

त्यात बोन्सायचं खूळ शिरलं. कुठल्याशा हौशी मंडळाच्या वर्गाला जाऊन आला आणि ताटलीत वीतभर पिंपळ लावला, तारा गुंडाळून त्याच्या फांद्या पिळल्या. विहारात सांगूनही आला, यंदा बुद्धपौर्णिमेला मूर्तीशेजारी आपला बोधिवृक्ष राहणार. मंडळी कौतुकानं 'साधू, साधू' म्हणाली. हा फुगून घरी आला.

"अवो, ज्याच्या सावलीत बुद्ध बसला, त्याच्या ह्या वीतभर पोराच्या सावलीत चिमणी तरी बसंल काय?" मीनाबाई म्हणाली.

"तुला कला कळत न्हाय."

"न्हायच कळत. हात-पाय बांधून वाढवायची कसली वो कला?"

उन्हाळा लागला आणि पिंपळाची पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या. नर्सरीवाला म्हणाला, लोह कमी पडलंय. बाबासोला हसूच फुटलं. "लोखंड? माझ्या घरात? अरं, लोखंडात हयात गेली माझी!" आधी त्यानं मातीत खिळे पुरले. मग जुना दोस्त निसार याच्या वर्कशॉपातनं लेथवरचा लोखंडाचा कीस पिशवीभर आणला.

"बाबासो, त्या कीसाला ऑइल असतंय. झाडाला कशाला घालतोस?"

"तू लेथ चालव."

पिंपळ आणखी पिवळा झाला.

त्याच दिवसांत सून शिवानीला सातवा महिना लागला होता. तिला आई नव्हती, नवरा प्रसेनजीत पुण्याला कामाला, म्हणून ती सासूपाशीच होती. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, हिचं रक्त फार कमी आहे, लोहाच्या गोळ्या खाते की टाकते? मीनाबाईनं वाटभर सुनेला फाडून खाल्लं.

"फुकट मिळत्यात तर गिळायला काय हुतंय गं तुला?"

"आत्या, मामा देतात तवा खाते की. उष्ण पडतात म्हणाले. आठवड्यातनं एकच देतात."

मीनाबाई गपकन थांबली. गोळ्या कपाटात, किल्ली त्याच्या कमरेला. घरी आल्याबरोबर ती तडक गच्चीवर गेली. पिंपळाखालच्या परातीत तांबडं पाणी साठलं होतं. मातीवर लाल गोळ्यांची अर्धवट विरघळलेली टरफलं चिकटली होती.

"पावणं," ती खाली येऊन म्हणाली. नवऱ्याला ती पावणं म्हणाली की समजायचं, आता खैर नाही. "सुनंच्या गोळ्या झाडाला घातल्या व्हय?"

"पौर्णिमेपतुर हिरवं दिसाय नगं? विहारात तोंड दावायचंय मला. तिला देतो की नंतर, स्टॉक हाय."

"स्टॉक!" मीनाबाईनं करगोट्यासकट किल्ली ओढून घेतली. त्या दिवसापासनं ती गोळी सुनेच्या तोंडात स्वतःच्या हातानं घालू लागली. पण उशीर झालाच होता.

पौर्णिमेला सकाळी शिवानी नळापाशी चक्कर येऊन पडली. दवाखान्यात सांगितलं, रक्ताची बाटली लावावी लागेल, बदल्यात घरातल्या कुणीतरी रक्त द्या. मीनाबाईनं आधी स्वतःचं बोट पुढं केलं. रक्तपेढीतल्या माणसानं तिच्या रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडला. थेंब वरच तरंगत राहिला.

"मावशी, तुमचंच रक्त कमी हाय. दुसरं कोण हाय बरोबर?"

दुसरा दाराशी उभा होता. पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री.

"मी झाड पोचवून येतो," बाबासो म्हणाला. "मंडळी वाट बघत्यात."

"हात काढा."

"अगं, शब्द दिलाय मी..."

"लोखंडात हयात गेली न्हवं? काढा हात!"

त्याचा थेंब गोट्यासारखा तळाला गेला. "काका, झकास! लोखंड ठासून भरलंय की," तो माणूस म्हणाला. बाबासोची सुईची भीती पळाली, छाती पुढं आली. "फौंड्रीतला माणूस हाय, पावणं!"

मीनाबाई त्या हसऱ्या थोबाडाकडं बघत राहिली. घरात कलेजी शिजली की पहिली वाटी याच्याच ताटात पडायची, आणि वाढणारी ती स्वतःच. तिला त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला.

शिवानीला बाटली लागली, दुसऱ्या दिवशी ती उठून बसली. बाबासो मात्र विहारात जाऊन सांगत होता, पौर्णिमेचा मुहूर्त साधून आपण कसं रक्तदान केलं. मंडळी पुन्हा 'साधू, साधू' म्हणाली.

तो घरी आला तेव्हा ताटलीत कोंबड्या पाणी पीत होत्या.

"माझा बोधिवृक्ष?"

"तारा सोडून तळ्याच्या कडंला लावलाय. जगायचा तर जगंल." मीनाबाईनं कमरेची किल्ली आत खोचली आणि चुलीवरची कलेजी उतरवली. "हात धुवा, बसा. तुमच्या ताटात आमटी-भाकरी हाय. कलेजी शिवानीला. तुमचं लोखंड ठासून भरलंय म्हणाला न्हवं त्यो?"