चांदीचा प्याला

मी वाढलो मामाच्या घरी. मामा गोल्फचा पगारी खेळाडू होता. निजामाच्या एका बड्या साहेबाला खेळ शिकवायचा. धाराशिवबाहेरच्या त्या माळावर गवत टिकत नव्हतं, म्हणून चेंडू घालायच्या भोकाभोवती तेल पाजलेली वाळू थापायचे. त्या वाळूवर मामाचा चेंडू कधी चुकला नाही. हैदराबादहून आलेल्या भल्याभल्यांना त्यानं लोळवलं आणि चांदीचा प्याला जिंकला. साहेबानं फोटोपुरता तो त्याच्या हातात दिला. मग "तुझ्या घरात हा कशाला?" म्हणत त्या हरामखोरानं तो आपल्या कुत्र्यापुढं ठेवला. त्यात रोज पाणी ओतायचं काम मामालाच लावलं.

निजामी बुडाली, साहेब पळाला. मामानं प्याला छातीशी धरून घरी आणला आणि देव्हाऱ्याकडं निघाला. मामी आडवी आली.

"राखेनं घासतो की," मामा म्हणाला.

"कुत्र्याचं उष्टं देवापाशी? सगळ्या गावाला ठावं हाय. घासून तुमची लाज जाईल व्हय?"

मामीनं प्याला अंगणात भिरकावला. आमच्या दारातल्या कुत्र्यानं रिकाम्या प्याल्यात तोंड घातलं, तसा मामा सवयीनं उठला आणि पाणी आणायला गेला.