भिंतीचा अध्याय

गुणवंत साळवे यांचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. कारखान्यात होते तेव्हाही चारला, आणि निवृत्त होऊन रांझी या हिंदी मुलखातल्या वस्तीत स्वतःच्या घरात बसले तेव्हाही चारला. आता ना भोंगा, ना ड्यूटी. पण उशिरा उठणाऱ्याचं देव ऐकतो यावर त्यांचा विश्वास नव्हता.

उठायचं, थंड पाण्याने तोंड धुवायचं आणि फरशीवर गुडघे टेकायचे. चटई नाही. चर्चमधले तरुण पाळक आलोक गादीवर गुडघे टेकतात हे त्यांनी पाहिलं होतं, आणि त्या प्रार्थना गादीपर्यंतच पोचतात असं त्यांचं मत होतं. सगळं आयुष्य लोहारखान्यात घण मारण्यात गेलेलं. ज्या कामात अंग दुखत नाही ते त्यांच्या लेखी हजेरीपुरतं काम.

प्रार्थनेचेही नियम होते. बायबल उत्पत्तीपासून वाचायचं, रोज एक अध्याय, काही न गाळता. अध्यायात जे असेल त्यावरूनच मागायचं, बाहेरचं नाही. आणि मागितलेल्यापैकी जे आपल्या हातचं आहे ते आपणच करायचं. देवाला आपला हेल्पर समजायचं नाही. मुलगी सुखदा दहावीच्या गणिताच्या दिवशी म्हणाली होती, "बाबा, आज पास होण्याचं मागा." अध्याय नेमका बेडकांच्या पिडेचा. तिने दुसरा वाचू म्हटलं, तर हे म्हणाले, "वाचलं ते वाचलं. आता बदलत नाही." आणि त्यांनी बेडकांपासून रक्षण मागितलं. सुखदा पास झाली. हा नियमाचा विजय, असं ते अजून सांगतात.

पुढे भट्टीच्या उजेडाने डोळे मंद झाले. बारीक अक्षर दिसेना. तेव्हापासून वाचन विनताकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे आलं. वाचायची ती, मागायचे हे.

विनताला खोकला होता. दर पावसाळ्यात यायचा आणि पावसाबरोबर जायचा. यंदा मुक्कामाला राहिला. ती रात्र रात्र उशीला टेकून बसून काढायची. डॉक्टरांनी औषध दिलं आणि विचारलं, घरात ओल आहे का? ओल होती. पलंगामागच्या भिंतीवर हिरवट, तांबूस चट्टे पार वरपर्यंत चढले होते. भिंत दुरुस्त करा, नाहीतर औषध फुकट जाईल आणि खोकला दम्यावर जाईल, असं डॉक्टर म्हणाले.

अडचण अशी, की ती भिंत गुणवंतांनी स्वतः बांधली होती. ड्यूटी करून संध्याकाळी विटा लावल्या होत्या, मिस्त्रीला हात लावू दिला नव्हता. एवढ्या घामाच्या भिंतीत पाणी शिरेलच कसं, हा त्यांचा सवाल.

"तोच घाम बाहेर येऊन राहिला असंल," विनता म्हणाली.

त्यांनी पलंग सरकवला. खोली एवढीशी, की पलंग त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन टेकला.

पैसा नव्हता असं नाही. सुखदाचं लग्न करून निवृत्तीच्या पैशातलं जे उरलं, ते त्यांनी चर्चसाठी बाजूला ठेवलं होतं. तिथला वचन वाचायचा स्टँड डुगडुगायचा; पायाखाली पुठ्ठा घातलेला. त्या जागी सागवानी स्टँड द्यायचा, त्याला पितळी पट्टी, पट्टीवर दात्याचं नाव. कमानिया गेटजवळच्या सुताराकडे जाऊन त्यांनी लाकूड बोटाने ठोकून पाहिलं होतं. बयाणा तेवढा द्यायचा राहिला होता.

तेव्हा वाचन बायबलमधल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात होतं. तिथले सुरुवातीचे अध्याय म्हणजे नुसती वंशावळ.

"आज माझ्या खोकल्याचं मागा न," विनता म्हणाली.

"अध्यायात खोकला नाही."

"मग काय आहे?"

"नावं."

"एवढ्या लोकांत कोणीच खोकललं नसंल?"

"तसं लिहिलेलं नाही."

त्यांनी पूर्वजांबद्दल आभार मानले. शेवटी विनताला उबळ आली आणि आमेन राहून गेलं. ते त्यांना खटकलं.

सुताराला बयाणा द्यायला जायचं त्या पहाटे विनताने पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले तर घरमालकाने काय करावं, असं काहीतरी होतं.

गुणवंतांनी मान वर केली. "आपण इतिहासात होतो."

"हो?"

"हे लेवीय आहे. चौदावा अध्याय. केव्हाच वाचून झालाय."

"पान उलटलं असंल."

"कशाने?"

"पंख्याने."

"पंखा बंद आहे."

"मग तुम्हीच सांगा, काहून उलटलं."

ती थांबली नाही. घर रिकामं करावं, याजकाने येऊन पाहावं. चट्टे पसरलेले असतील तर तेवढे दगड काढून नगराबाहेर टाकावे, भिंत खरवडावी, नवा गिलावा करावा. वाचता वाचता तिला धाप लागली. शेवटच्या ओळी तिने एकेक शब्द सुटा करून वाचल्या.

ही लबाडी आहे हे त्यांना कळत होतं. त्यांना कळलंय हे तिलाही कळत होतं. पण वाचलं ते वाचलं. फरशी गुडघ्यांना टोचायला लागली.

"हे प्रभू," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "ही भिंत मी बांधली. नीट बांधली नाही."

विनता आमेन म्हणाली.

काम अर्धवट करायची त्यांना सवय नव्हती. सामान अंगणात काढलं. याजकाने पाहायला हवं, म्हणून आलोक पाळकांना बोलावलं. पाळकांनी भिंतीला बोट लावून पाहिलं.

"अंकल, ये तो सीलन है. मिस्त्री को बुलाते."

"मिस्त्री बाद में. पहले आप."

खोली रिकामी, गादी कुठून असणार? पाळकांनी उघड्या फरशीवर गुडघे टेकले. एवढी आटोपशीर प्रार्थना त्यांनी आजवर केली नव्हती. गुणवंतांना ती पसंत पडली.

मिस्त्रीने भिंत फोडली, तर विटांमधून वाळूपेक्षा माती जास्त निघाली.

"किसने बनाई थी, बाबूजी?"

"था कोई."

विनताने पदर तोंडाशी धरला, पण खोकला आला म्हणून नव्हे.

मलबा गल्लीच्या तोंडाशी टाकायचा मिस्त्रीचा विचार होता.

"शहर के बाहर," गुणवंत म्हणाले.

"गाड़ी का भाड़ा लगेगा."

"लगने दो."

प्लास्टर वाळेपर्यंत दोघं शहरातच गोरखपुरला सुखदाकडे राहिली. परत आल्यावर पहिल्या पहाटे विनताने इतिहासातली राहिलेली वंशावळ काढली आणि सगळा अध्याय न थांबता वाचून टाकला. गुणवंतांनी दोन उच्चार सुधारले आणि पूर्वजांबद्दल आभार मानले. मग, अध्यायात नसताना, खोकल्याचं एक वाक्य मागाहून जोडलं. ते विनताला ऐकू आलं नाही.

चर्चमधला जुना स्टँड अजून डुगडुगतो. आयुष्यभर घण मारून जे उरलं होतं ते सिमेंटमध्ये, धुतलेल्या वाळूत, मिस्त्रीच्या मजुरीत आणि मलब्याच्या भाड्यात गेलं. पितळी पट्टीचा विषय संपला. विनताने विचारलं, नव्या भिंतीवर एक खिळा मारून कॅलेंडर लावू का? गुणवंत म्हणाले, "भिंतीला हात लावू नको."