पुढं अंधार, मागं लायटिंग

माणसानं किती खुळं असावं याला काही सुमार? मी पन्नाशी ओलांडलेला, बीएड झालेला, शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारा माणूस. आणि माझं स्वतःचं लग्न ठरलं ते मला चार दिवस कळलंच नाही! हसा, खुशाल हसा. मीही हसतो अधूनमधून. पण सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे कुठं हसायचं ते तुमचं तुम्ही ठरवाल.

त्या दिवशी मी सिरसाळ्याहून बीडला गेलो होतो. काम साधं होतं, सेवापुस्तकातल्या एका नोंदीचं. साहेब जागेवर नव्हते. वेळ होता म्हणून स्टँडजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात शिरलो. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, परसात एक दिवा हवा होता.

आमच्या परसात न्हाणीजवळ एक काळा दगड आहे, धुण्याभांड्याचा. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही पहाटे अंधारात. मग ही मोबाईलची बॅटरी लावायची, मोबाईल विटेला टेकवून ठेवायची आणि भांडी घासायची.

"अहो, एक बल्ब लावा ना दगडावर. भांडी दिसत नाहीत, नुसती हाताला लागतात."

"लावू."

हे 'लावू' मी किती वर्षं म्हणत होतो ते विचारू नका. दरवर्षी सातवीच्या वर्गात सेल, वायर आणि बल्ब घेऊन मी दिवा पेटवून दाखवतो. पोरं टाळ्या वाजवतात.

तर दुकानदारानं एक सोलरचा दिवा काउंटरवर ठेवला. म्हणाला, "वायर नको, काई नको. दिवसा ऊन खातो, अंधार पडला की आपोआप लागतो. हात ठिवून बघा की, सर!"

मी वरच्या काचेवर तळहात ठेवला. खाली दिवा लागला. काउंटरवर उजेड पडला. आवडला मला. पण आवडलेली वस्तू लगेच घेतली तर तो मी कसला?

"दिवाळीत सेल लागतो ना?"

"लागतो की."

"मग दिवाळीतच बघू."

हात अजून दिव्यावरच होता. फोन वाजला. शेजारच्या गयामावशी. त्या कधी फोन करत नाहीत.

"सर, आसाल तिथून या. सुमन दगडावर बसलेली, ती उठंच ना."

सकाळचे अकरा वाजले होते. लख्ख ऊन होतं. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. अंधाराचा आणि तिच्या जाण्याचा काही संबंध नव्हता. हे मी सगळ्यांना सांगतो, कुणी विचारलेलं नसलं तरी.

मग दिवाळी आली. आमच्या घरी अर्थातच आली नाही. ज्या घरात माणूस गेलंय तिथं वर्षभर सण नाही. आकाशकंदील नाही, दारात पणतीसुद्धा नाही. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं घरात मी एकटाच.

एका पहाटे नळाला पाणी आलं. मी भांडी घेऊन दगडावर बसलो, मोबाईल विटेला टेकवला. आणि काय सांगू, भांडी खरंच दिसत नाहीत हो! नुसती हाताला लागतात. एवढं कळायला मला विज्ञानाची पदवी पुरली नव्हती.

त्याच दिवशी ठरवलं, परसात उजेड करायचा. आता सरळ उठून बल्ब आणावा की नाही? नाही! मी मोबाईलवर 'कमी खर्चात अंगण उजळवा' असले व्हिडिओ बघत बसलो. कुणी पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून आत दिवा ठेवतंय, कुणी काचेच्या बाटलीत. शेवटी गेलो भानुदासकडं. त्याचा मंडप आणि लायटिंगचा धंदा आहे.

"नवीन कायला घेता, सर? या जुन्या माळा न्या. दोन-चार बल्ब गेलेत, बाकी चकाचक हायत. पडूनच हायत माझ्याकडं."

स्वस्त म्हटल्यावर माझं डोकं चालायचं थांबतं. पोतंभर माळा घेऊन आलो. कुंपणाच्या भिंतीवरून, लिंबाच्या झाडावरून, न्हाणीच्या पत्र्यावरून ओढल्या आणि संध्याकाळी बटण दाबलं.

लाल, हिरवा, निळा! वर पळणारे, खाली पळणारे! सुमन असती तर म्हणाली असती, बल्ब मागितला होता, जत्रा नव्हे. मला मात्र बरं वाटलं. केलं एकदाचं, म्हटलं.

आमच्या परसामागून बाजारचा रस्ता जातो. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, लगीनसराई सुरू झालेली. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं आणि उरलेल्या अर्ध्याला काही उद्योग नव्हता. त्यांनी माझ्या घराकडं बघितलं. पुढं अंधार, मागं लायटिंग! याचा अर्थ काय? ज्याची बायको जाऊन वर्ष झालेलं नाही, तो पुढच्या दारी मांडव कसा घालील? सर मागच्या मागं गुपचूप उरकून घ्यायलेत!

हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं, की भेटायला येणारी माणसं अचानक वाढली.

आता दुःखाच्या घरी माणसं भेटायला येतातच. सहा महिन्यांत मला त्याची सवय झाली होती. ते काय बोलणार आणि मी काय बोलणार हे पाठ होतं. चहा ठेवायचा, मान हलवायची.

एक दिवस शेजारच्या गावचे नामदेवराव आले. सोबत त्यांचे भाऊ आणि दोन बायका. माझी त्यांची नुसती तोंडओळख. बसले. घसा खाकरला.

"मग सर, मन घट्ट केलं म्हणायचं?"

"करावंच लागतं," मी म्हटलं.

"बाईमाणसाबिगर घराला घरपण न्हाई."

"खरं आहे. घर खायला उठतं."

नामदेवरावांनी भावाकडं बघितलं. भावानं बायकांकडं बघितलं. त्या दोघी उठून स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, चहाला मदत करतायत, केवढी माया! त्या डबे उघडून बघत होत्या. एकीनं आतून विचारलं, "पाणी दारात येतं का, भरून आणावं लागतं?"

"दारातच येतं. मागं दगड आहे, तिथंच सगळं होतं."

"आन् ती लायटिंग?"

"तिथंच बसावं लागणार ना. अंधारात कसं बसणार?"

"लई इचार केलाय हो सरांनी!" दुसरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले. माझेही आले. नामदेवरावांनी माझा हात धरला. "आमची धाकटी बहीण बी तशीच एकटी हाय. चार वर्षं झाली. तिचं दुःख आमी जाणतो, तुमचं बी जाणतो."

"ज्याचं त्यालाच कळतं," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार होतो?

मग त्यांनी पिशवीतून टॉवेल, टोपी आणि नारळ काढला. आमच्याकडं दुखवट्याला टॉवेल-टोपी आणतात. सहा महिन्यांत माझ्याकडं टोप्यांचा ढीग झाला होता. नारळ कशाला, असं क्षणभर मनात आलं. कपाळाला कुंकूही लावलं. म्हटलं, दुखवटा काढत असतील, यांच्याकडची रीत असेल. मी खाली वाकून टोपी घालून घेतली. हात जोडले. "तुम्ही आवर्जून आलात, बरं वाटलं."

ते गेले. दुसऱ्या दिवशी मी नारळ फोडला आणि चटणी केली. चार दिवस पुरली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी दत्ता आला. दत्ता म्हणजे सुमनचा धाकटा भाऊ, तलवाड्याचा. मोटारसायकल दारात लावली, पण आत येईना.

"या की दत्ताराव. बाहेर का उभे?"

"आत कोण हाय?"

"कोण असणार? मी एकटा."

"किती दिवस एकटे हाव आता?" तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "दाजी, माझ्या बहिणीला अजून वर्ष झालं न्हाई. वर्षश्राद्ध तरी होऊ द्यायचं होतं! तलवाड्यापर्यंत बातमी आलीया. टोपी घातली म्हणं तुमी, कुंकू लावून घेतलं!"

"ते दुखवट्याचं होतं."

"दुखवट्याला नारळ आसतोय व्हय, दाजी? सोयरीक झाली तुमची!"

मी पायरीवर बसलो. टोपी आठवली, कुंकू आठवलं, डबे उघडणाऱ्या बायका आठवल्या. मग चटणी आठवली. स्वतःच्या साखरपुड्याच्या नारळाची चटणी मी पोळीला लावून खाल्ली होती!

गयामावशी कुंपणापाशी उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "म्या इचारणार होते सर. पर म्हणलं, तुमी एवढे शिकलेले, कायतरी इचार करूनच करायलात."

मी दत्ताला सगळं सांगितलं. दुकानातला दिवा, दिवाळीचा सेल, विटेला टेकवलेला मोबाईल. हे सगळं पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो. तो ऐकत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "ताई सांगायची मला फोनवर, परसात उजेड न्हाई म्हणून. म्या म्हणलं, मी आणून लावतो उद्या. तर म्हणली, नगं, ते म्हणलेत लावू म्हणून, तेच लावतील."

मी पायरीवरून उठलो.

"चला, बघू तरी," दत्ता म्हणाला. आम्ही मागं गेलो. अंधार पडला होता. मी जरा घाईनंच बटण दाबलं. लिंब चमकला, भिंत चमकली, पत्र्यावरून लाल-हिरवे बल्ब पळायला लागले. दत्ता दगडापाशी गेला, खाली बसला, दगडावर हात ठेवला.

"दाजी, लायटिंग लई भारी हाय," तो म्हणाला. "पर दगडावर कुठंय उजेड?"

मी वाकून बघितलं. भिंत उजळली होती, झाड उजळलं होतं, रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना ते दिसत होतं. दगड न्हाणीच्या आडोशाला होता. तिथं काळोख होता, पहिल्यासारखाच. दत्ताचा हातसुद्धा दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी आणि दत्ता टॉवेल-टोपी परत करायला गेलो. नारळ नवा घ्यावा लागला. नामदेवरावांनी सगळं ठेवून घेतलं. त्यांची बहीण दारामागं उभी होती. तिनं आम्हा दोघांना पाणी दिलं. त्या घरात पुन्हा तोंड दाखवायची मला हिंमत नाही.

माळा भानुदासला परत केल्या. "लग्न मोडलं का, सर?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं, तेवढ्यावर सुटलो.

दगडाच्या वर भिंतीत एक खिळा ठोकलाय. दिवा अजून लावलेला नाही.